शपथ, हुकूम आणि नोबचे पहारेकरी

(प्रौढ वर्ग व तरुण संघ यांच्यासाठी)

शास्त्रभाग : १ शमुवेल १४:२४-४६ आणि २२:६-२३. सोबत वाचावे : अनुवाद १७:१४-२०, मार्क ६:१७-२९, लूक ३:१४, प्रे. कृ. ५:२७-२९.

आपल्या मराठी मंडळ्यांना सैनिक हा काही केवळ पुस्तकातला मनुष्य नाही. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, इंदूरजवळ महूला इन्फंट्री स्कूल आहे, आणि रजेवर आलेला जवान उपासनेत मागच्या बाकावर बसलेला दिसला तर कोणी मुद्दाम वळून पाहत नाही. २०२२ पासून अग्निवीर म्हणून भरती होणारी काही मुले तर जेमतेम साडेसतरा वर्षांची असतात. म्हणजे काल-परवापर्यंत जो आपल्या रविवारच्या शाळेत वचने पाठ म्हणून दाखवीत होता, तोच प्रशिक्षण संपताच कसम परेडला उभा राहतो आणि आपल्या धर्मग्रंथाच्या साक्षीने शपथ वाहतो.

या मुलाला आपण काय शिकवून पाठविले? आईबापांचे ऐक, गुरुजनांचे ऐक, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, हे शिकविले. आणि ते योग्यच केले. पण ज्याचे ऐकावयाचे त्यानेच पाप करावयास सांगितले तर काय, हा विषय आपण बहुधा दानीएलाच्या गोष्टीपर्यंत आणून सोडून देतो. तेथे सिंह असतात, राजा परका असतो, मुले खूश असतात. खरी अडचण निराळी आहे. हुकूम देणारा आपलाच साहेब असतो. त्याच्याबरोबर आपण एका भांड्यातले खाल्लेले असते, त्याने कधी आपला जीवही वाचविलेला असतो, आणि वर देवाचे नाव घेऊन त्याचे ऐकण्याची शपथ आपण घेतलेली असते. हा पाठ त्या अडचणीविषयी आहे.

शपथेत काय असते

भारतीय सेनेत भरती होणारा मनुष्य ईश्वराचे नाव घेऊन शपथ वाहतो, किंवा नुसती गंभीरपूर्वक प्रतिज्ञा करतो. प्रथम तो कायद्याने प्रस्थापित झालेल्या भारताच्या संविधानाशी खरी निष्ठा राखण्याचे वचन देतो. मग तो म्हणतो की मी प्रामाणिकपणे सेवा करीन, जमिनीवरून, समुद्रावरून, आकाशातून जेथे पाठवतील तेथे जाईन, आणि राष्ट्रपतींचे व माझ्यावर नेमलेल्या कोणाही अधिकाऱ्याचे हुकूम प्राण धोक्यात घालूनही पाळीन. सर्वांच्या लक्षात राहतो तो हा शेवटचा भाग. पण क्रम पाहावा. संविधान आधी येते, अधिकारी मागून येतो. हुकूम पाळण्याचे वचन त्या पहिल्या निष्ठेच्या पोटातले आहे. शिवाय जो प्राण धोक्यात घालावयाचा तो स्वतःचा. निरपराध्याचा प्राण घेण्याचे वचन त्या शपथेत कोठेही नाही.

कायदाही हेच धरून चालतो. सेना अधिनियम, १९५० याच्या कलम ४१ प्रमाणे हुकूम मोडणाऱ्या सैनिकाला चौदा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिक्षा लहान नाही. पण तेथे नुसता ‘हुकूम’ म्हटलेला नाही, ‘कायदेशीर हुकूम’ म्हटले आहे. त्या एका विशेषणावर आमचा हा सगळा पाठ उभा आहे. अमेरिकेत साधा शिपाई राष्ट्राध्यक्षाचे व अधिकाऱ्यांचे हुकूम लष्करी कायद्याला अनुसरून पाळण्याची शपथ घेतो. तेथील अधिकाऱ्याच्या शपथेत तर हुकूम पाळण्याचा उल्लेखच नाही, फक्त संविधानाचा आहे.

याच्या उलट कशी शपथ असते तेही पाहून ठेवावे. २ ऑगस्ट १९३४ रोजी जर्मनीचे वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग वारले आणि त्याच दिवशी सैन्याकडून नवी शपथ घेण्यात आली. ती राज्यघटनेशी नव्हती, देशाशीही नव्हती. ती आडॉल्फ हिटलर या नावाच्या माणसाशी होती, आणि तीत बिनशर्त आज्ञापालनाचे वचन होते, तेही देवाचे नाव घेऊन. पुढे कित्येक अधिकाऱ्यांना हा मनुष्य देशाला खाईत लोटत आहे हे कळत होते. तरी ‘आम्ही शपथेने बांधलेले आहोत’ म्हणून ते गप्प राहिले. त्यांत चर्चमध्ये नेमाने जाणारेही पुष्कळ होते, हे आम्हांला अधिक टोचते.

ख्रिस्ती मनुष्याने शपथ घ्यावी काय, हा जुना प्रश्न आहे. मत्तय ५:३३-३७ व याकोब ५:१२ यांवरून क्वेकर व मेनोनाइट लोक शपथ घेतच नाहीत. आपल्या मंडळ्या ज्या परंपरांतून आल्या त्यांनी, न्यायाधिकाऱ्याने मागितलेली शपथ घेण्यास हरकत नाही असे मानले. मात्र त्याला कुंपण घातले. लूथरपंथीयांच्या १५३० सालच्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाचे सोळावे कलम ख्रिस्ती माणसाला शिपाई होण्याची व शपथ वाहण्याची मोकळीक देते, आणि त्याच कलमाच्या शेवटी पाप करण्याचा हुकूम झाल्यास देवाचे ऐकावे असे सांगते. वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबाच्या बाविसाव्या अध्यायात शपथेने पाप करण्याचे बंधन कोणावरही पडू शकत नाही असे स्पष्ट आहे. स्वतः लूथर १५२६ साली शिपायांच्या तारणाविषयी लिहिताना म्हणतो की धन्याचा पक्ष अन्यायाचा आहे हे निश्चित ठाऊक असेल तर त्याच्यासाठी लढू नये. निश्चित ठाऊक नसेल तर संशयाचा फायदा धन्याला द्यावा. हा दुसरा अर्धा भागही विसरू नये. पुढे त्याचे काम पडणार आहे.

हेरोदाची गोष्ट वर्गात घेतली तर हे लवकर समजते. त्याने मेजवानीत शपथ वाहिली, आणि त्या शपथेखातर बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर कापविले. शब्दाचा पक्का राजा! मुलांना विचारावे, त्याने शपथ मोडली असती तर अधिक पाप झाले असते की कमी? आणि तुरुंगात जाऊन ज्याने तलवार चालविली त्या शिपायाला कोणी विचारले असते, तर त्याने काय सांगितले असते?

शौलाच्या सैन्याने दोनदा नकार दिला

आता मुख्य शास्त्रभाग. शौलाच्या माणसांनी राजाचा शब्द दोन वेळा मोडला. दोन्ही वेळा ते बरोबर होते, तरी दोन्ही वेळा घडले ते सारखे नाही. शिक्षकांनी दोन्ही अध्याय शेजारी ठेवूनच वाचावे अशी आमची विनंती आहे.

चौदाव्या अध्यायात पलिष्ट्यांशी लढाई चालू आहे. शौलाने सैन्याला शपथ घातली की संध्याकाळपर्यंत जो अन्न खाईल तो शापित होवो. लोक उपाशी, दमलेले. रानात मध गळत होता, पण शपथेच्या भयाने कोणी हात तोंडाकडे नेला नाही. योनाथानाला शपथेची खबर नव्हती. त्याने काठीचे टोक मधाच्या पोळ्यात बुडविले आणि चाखले. रात्री ते उघडकीस आले तेव्हा बापाने मुलाला देहांत ठरविला, आणि तोही देवाची शपथ घेऊन. दिवसभर ज्या लोकांनी त्याची शपथ उपाशी राहून पाळली, तेच लोक आता मध्ये पडले. ज्याने आज हा विजय मिळवून दिला त्याचा एक केसही जमिनीवर पडणार नाही, असे त्यांनी राजाला तोंडावर सांगितले. योनाथान वाचला.

या लोकांना बंडखोर म्हणता येणार नाही. शपथ केवळ त्रासाची होती तोवर त्यांनी ती पाळली. ती निरपराध्याच्या जिवावर उठली तेव्हा ते उभे राहिले. हुकूम गैरसोयीचा असणे आणि हुकूम अधर्माचा असणे यांतला फरक त्या उपाशी शिपायांना चांगला कळत होता. आमच्यातल्या कित्येकांना भरल्या पोटी कळत नाही!

बाविसाव्या अध्यायात राजा बदललेला आहे. गिबा येथे झाडाखाली बसला आहे, हातात भाला आहे, आणि भोवती उभ्या असलेल्या बन्यामिनी सेवकांना विचारतो आहे की इशायाचा पुत्र तुम्हांला शेते व द्राक्षमळे देणार आहे काय? हुद्दे देणार आहे काय? म्हणजे मिंधे कोणाचे आहात ते लक्षात ठेवा. तेवढ्यात दवेग अदोमी पुढे होऊन चुगली करतो की नोब येथील याजक अहीमलेख याने दावीदाला भाकर व तलवार दिली. अहीमलेखाला सगळ्या घराण्यासह बोलावून आणतात. तो सरळ उत्तर देतो : दावीद राजाचा जावई, राजाचा विश्वासू, मला दुसरे काही ठाऊक नव्हते. शौल सगळ्या घराण्याला देहांत फर्मावतो, आणि पहारेकऱ्यांना म्हणतो, मारा यांना.

हा हुकूम बेकायदा होता काय? आम्ही तर म्हणतो, मोशेच्या नियमशास्त्रापुढे तो एक क्षणही टिकला नसता. एकाच साक्षीवरून कोणाला दोषी ठरवू नये (अनुवाद १९:१५); येथे साक्षीदार एकटा दवेग. एकाच्या अपराधासाठी दुसऱ्याला मारू नये (अनुवाद २४:१६). येथे अख्खे घराणे. आणि राजाने नियमशास्त्राची नक्कल स्वतःजवळ ठेवून ती जन्मभर वाचावी (अनुवाद १७:१८-२०), म्हणजे इस्राएलाचा राजाही नियमाच्या वर नव्हता. हे त्या पहारेकऱ्यांना माहीत होते की नाही, शास्त्र सांगत नाही. त्यांच्यासाठी मूळ इब्रीत जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘धावणारे’ असा आहे : राजाच्या रथापुढे धावणारे, त्याच्या सर्वांत जवळचे, त्याच्या शब्दासरशी पाय उचलणारे. त्या दिवशी त्यांचे पाय हलले नाहीत. परमेश्वराच्या याजकांवर हात टाकावयास ते तयार झाले नाहीत (वचन १७).

आमच्या वर्गांतून पाठ येथेच संपवितात, आणि पहारेकऱ्यांची वाहवा होते. कृपा करून अठरावे वचन वाचावे. शौल दवेगाकडे वळला, आणि दवेगाने त्या दिवशी तागाचे एफोद धारण करणारे पंचाऐंशी पुरुष मारले. मग नोब नगरातील पुरुष, स्त्रिया, मुले, तान्ही बाळे, गुरे, गाढवे, मेंढरे. पहारेकरी तेथेच होते. हात त्यांनी टाकला नाही, पण दवेगाचा हात धरलाही नाही. चौदाव्या अध्यायातले लोक राजा आणि योनाथान यांच्यामध्ये उभे राहिले. बाविसाव्या अध्यायातले बाजूला उभे राहिले. पहिल्यात एक जीव वाचला. दुसऱ्यात हुकूम एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेला, इतकेच झाले.

आम्ही पहारेकऱ्यांना दोष देण्याची घाई करणार नाही. शौलाच्या हातातला भाला शोभेचा नव्हता; स्वतःच्या मुलावरही त्याने तो फेकला होता (२०:३३). त्या राजापुढे नुसते न हलणे हेही मोठे धैर्य होते. पण एवढ्याने भागत नाही हे पंचाऐंशी प्रेते सांगतात.

जाता जाता यवाबाचे नाव घ्यावे. दावीदाचे पत्र आले की उरीयाला आघाडीवर ठेवा आणि मागे सरा (२ शमुवेल ११:१५). हुकूम लेखी होता, योग्य माणसाकडून योग्य माणसाला आला होता, कागदात खोट नव्हती. यवाबाने एक शब्द विचारला नाही. कागद बरोबर असला म्हणजे हुकूम बरोबर असतो असे नाही.

माय लाय, १६ मार्च १९६८

नोबची गोष्ट तीन हजार वर्षांपूर्वीची म्हणून कोणी दूर सारू नये. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांच्या हयातीत ती व्हिएतनाममध्ये जवळजवळ जशीच्या तशी घडली.

क्वांग न्गाय प्रांतातल्या सोन मी गावाच्या माय लाय या वस्तीवर १६ मार्च १९६८ रोजी सकाळी अमेरिकेच्या सैन्याची चार्ली कंपनी उतरली. कंपनीचा प्रमुख कॅप्टन अर्नेस्ट मेडिना; एका तुकडीचा प्रमुख लेफ्टनंट विल्यम कॅली. येथे शत्रूची मोठी पलटण भेटेल असे त्यांना सांगण्यात आले होते. मागील आठवड्यांत सुरुंगांनी त्यांचे कित्येक सोबती मारले किंवा जखमी केले होते, मनात आग होती. गावात शत्रूची पलटण नव्हती. होत्या त्या बायका, मुले, म्हातारे. काही जण न्याहारीच्या तयारीत. गोळीबार सुरू झाला तो दुपारपर्यंत चालला. लोकांना गोळा करून पाण्याच्या चराशी नेले आणि कॅलीच्या हुकुमावरून चरात मारले. अमेरिकन सैन्याच्या गणतीप्रमाणे ३४७ माणसे मेली. तेथील स्मारकावर ५०४ नावे आहेत.

हुकूम ऐकणाऱ्यांत पॉल मीडलो नावाचा तरुण शिपाई होता. तो रडत होता आणि गोळ्या झाडत होता, असे साक्षीत आले. दुसऱ्या दिवशी सुरुंगावर त्याचा पाय तुटला. पुढे त्याच्या आईने पत्रकाराला जे सांगितले त्याचा आशय असा : मी फौजेला चांगला मुलगा दिला, त्यांनी मला खुनी परत पाठविला. न ऐकणारेही होते. हॅरी स्टॅन्ली, रॉबर्ट मेपल्स या शिपायांनी चराच्या काठावर कॅलीचा हुकूम नाकारला. ते नोबचे पहारेकरी. त्यांचे हात स्वच्छ राहिले, आणि शेजारी गोळ्या चालूच राहिल्या.

मध्ये उभा राहिला तो आकाशातून आलेला मनुष्य. ह्यू थॉम्प्सन हा चोवीस वर्षांचा वैमानिक, एका लहान हेलिकॉप्टरात. त्याच्याबरोबर ग्लेन आंद्रेओटा आणि अठरा वर्षांचा लॉरेन्स कोलबर्न. खाली प्रेते दिसू लागली तेव्हा प्रथम त्यांना उलगडा होईना. मग चर दिसला. थॉम्प्सनने खाली उतरून कॅलीला विचारले. येथे हुकूम माझा चालतो, असे उत्तर मिळाले. थोड्या वेळाने त्याला दिसले की काही गावकरी एका बंकरमध्ये दडले आहेत आणि शिपाई त्यांच्याकडे निघाले आहेत. त्याने हेलिकॉप्टर शिपाई आणि बंकर यांच्यामध्ये उतरविले. गावकऱ्यांना बाहेर काढावयाचे कसे, असे विचारले तेव्हा तेथील लेफ्टनंट म्हणाला, हातबॉम्बने. थॉम्प्सनने आपल्या दोघा सोबत्यांना सांगितले, मी या लोकांना बाहेर आणतो; आपल्या शिपायांनी यांच्यावर गोळी झाडली तर तुम्ही त्यांच्यावर झाडा. मग तो बंकरपर्यंत चालत गेला, दहाएक जणांना बाहेर आणले, आणि दुसरी हेलिकॉप्टरे बोलावून त्यांना नेले. परतताना आंद्रेओटा चरात उतरला आणि प्रेतांखालून एक जिवंत मूल घेऊन वर आला. तळावर जाऊन थॉम्प्सनने संतापाने सगळे सांगितले, आणि त्यानंतर ती कारवाई थांबविण्याचा हुकूम सुटला.

येथे लष्कराची शिस्त मोडली काय? त्या चोवीस वर्षांच्या वैमानिकाने त्या दिवशी जेवढी शिस्त पाळली तेवढी तेथे दुसऱ्या कोणी पाळली नाही, असे आमचे मत आहे.

पुढचा भाग मंडळीने ऐकण्यासारखा आहे. प्रकरण वर्षभर दडपले गेले. आंद्रेओटा तीन आठवड्यांत लढाईत मेला. थॉम्प्सनला एक पदक दिले, त्याच्या मानपत्रात मूल दोन्ही बाजूंच्या गोळीबारातून वाचविले असे खोटे लिहिले होते. त्याने ते पदक फेकून दिले. रॉन रिडेनआवर नावाच्या शिपायाने सोबत्यांकडून ऐकलेली हकीकत मार्च १९६९ मध्ये सरकारला व लोकप्रतिनिधींना पत्राने कळविली, आणि नोव्हेंबरात सीमूर हर्श या पत्रकाराने ती जगापुढे आणली. खटल्यात कॅलीचा बचाव एकच होता, मेडिनाचा हुकूम होता. (मेडिनाने तो नाकारला, आणि तो निर्दोष सुटला.) न्यायाधीशाने लष्करी पंचांना कसोटी सांगितली ती अशी : साधारण समज असलेल्या माणसाला हा हुकूम बेकायदा आहे हे कळले असते काय? २९ मार्च १९७१ रोजी निदान बावीस माणसांच्या खुनाबद्दल कॅली दोषी ठरला. जन्मठेप झाली, पण ती कमी होत होत तो साडेतीन वर्षांत सुटला, त्यातला बहुतेक काळ स्वतःच्या निवासात नजरकैदेत होता. त्याच्याखेरीज कोणालाही शिक्षा झाली नाही. जनतेची सहानुभूती मोठ्या प्रमाणात कॅलीकडे होती. धमक्या आल्या त्या थॉम्प्सनला. १९९८ च्या मार्चमध्ये, तीस वर्षांनी, त्याला व कोलबर्नला, आणि मरणोत्तर आंद्रेओटाला, सोल्जर्स मेडल मिळाले.

त्याच महिन्यात थॉम्प्सन व कोलबर्न माय लायला गेले. तेथे, थॉम्प्सन सांगत असे, त्या दिवशी वाचलेल्यांपैकी एक बाई त्याच्याजवळ आली आणि विचारू लागली की ज्यांनी ते केले ते तुमच्याबरोबर का आले नाहीत? तो खचून गेला. तेव्हा तिने वाक्य पुरे केले : म्हणजे आम्हांला त्यांची क्षमा करता आली असती. थॉम्प्सन २००६ मध्ये वारला, कॅली २०२४ मध्ये.

मग प्रत्येक हुकूम तपासत बसावे काय?

वर्गात हा प्रश्न येणारच, आणि यावाच. लढाईच्या मैदानात प्रत्येक शिपाई हुकुमावर वाद घालू लागला तर त्याचे सोबतीच मरतील. म्हणून सगळ्या देशांचा लष्करी कायदा हुकूम कायदेशीर आहे असे धरूनच चालतो. लूथरचा संशयाचा फायदा तो हाच. रात्री पहारा, अवघड चढण, नावडती बदली, साहेबाचा उर्मट स्वभाव, यांतले काहीही ‘बेकायदा’ नाही. शिपायांनी योहानाला विचारले, आम्ही काय करावे? त्याने नोकरी सोडा म्हटले नाही. लोकांना नाडू नका, खोटे आरोप करू नका, पगारात समाधान माना, एवढेच म्हटले. कफर्णहूमचा शताधिपती हुकुमाचा मनुष्य होता, आणि प्रभूने त्याच्या विश्वासाची वाखाणणी केली. नकार द्यावयाचा तो जेथे हुकूमच गुन्हा असतो तेथे : कैद्याला मारणे, शरण आलेल्यावर गोळी झाडणे, स्त्रियांवर अत्याचार, खोटा अहवाल लिहिणे.

महायुद्धानंतर न्युरेंबर्गच्या न्यायालयासाठी १९४५ साली जी सनद झाली तिच्या आठव्या कलमात, वरिष्ठांचा हुकूम होता म्हणून आरोपी सुटणार नाही, फार तर शिक्षा कमी होईल, असे ठरले. जर्मनीने स्वतःच्या अनुभवावरून १९५६ च्या सैनिक कायद्यात, ज्याने गुन्हा घडेल तो हुकूम पाळूच नये असे लिहिले. आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेतले उदाहरण, की कायद्याच्या आज्ञेनुसार वरिष्ठाच्या हुकुमाने जमावावर गोळी झाडणारा शिपाई गुन्हेगार नाही, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १४ मध्ये आहे. त्यातही वजन ‘कायद्याच्या आज्ञेनुसार’ या शब्दांवरच आहे.

तरी काही ठिकाणी रेषा अंधुक असते हे कबूल केले पाहिजे. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरला किस्सा ख्वानी बाजारात नि:शस्त्र जमावावर गोळी झाडण्यास रॉयल गढवाल रायफल्सच्या एका तुकडीने नकार दिला. त्यांचा पुढारी चंद्रसिंह गढवाली. लष्करी न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. १९४१ मध्ये तो सुटला. आज आपण त्याला वीर म्हणतो. पण एका फ्रेंच पत्रकाराने विचारले तेव्हा खुद्द गांधीजींनी त्या शिपायांना शाबासकी दिली नाही. शपथ घेतलेल्याने हुकूम मोडणे हा गुन्हा आहे, आणि आज यांना मोडावयास शिकविले तर उद्या स्वराज्यातही ते मोडतील, अशी त्यांची शंका होती. आम्हांला गांधीजींचे हे म्हणणे पटत नाही. नि:शस्त्र माणसावर गोळी न झाडणारा शिपाई उद्याच्या कोणत्याही चांगल्या सरकारला हवाच असावा. परंतु शपथेचे वजन त्यांना जेवढे वाटत होते तेवढे आपल्याला वाटत असते तर बरे झाले असते.

शिक्षकांस व पाळकांस

दहा-बारा वर्षांच्या मुलांना माय लायचे वर्णन करू नये. त्यांना योनाथान व मध पुरे. त्यांच्यासाठी ‘मध्ये उभे राहणे’ म्हणजे शाळेत चार मुले एकाला छळत असता आपण काय करतो, हे आहे. तरुण वर्गात मात्र सगळे सांगावे, कारण तेथे बसलेल्यांपैकी कोणी पुढच्या भरतीला जाणार असतो. नकार कसा द्यावा हेही सांगावे : हुकूम पुन्हा स्पष्ट विचारावा, साक्षीदारांसमोर आदराने ‘हे मला करता येणार नाही’ म्हणावे, शक्य तितक्या लवकर वरच्या अधिकाऱ्याला कळवावे, आणि शिक्षा झाल्यास सोसावी.

पाळकांसाठी माय लायच्या हकिकतीत एक गोष्ट आहे, ती आम्ही मुद्दाम मागे ठेवली. थॉम्प्सनने जे पाहिले ते तोफखान्याच्या चॅपलनलाही सांगितले होते. त्या चॅपलनने ते आपल्या वरच्या चॅपलनला सांगितले, आणि गोष्ट तेथेच मुरली. जनरल पीअर्स यांच्या चौकशी समितीने ज्या लोकांवर ठपका ठेवला त्यांत हे दोन धर्मसेवकही होते. त्यांनी गोळी झाडली नव्हती. एक हकीकत ऐकून योग्य ठिकाणी पोहोचविली नाही, एवढाच त्यांचा दोष.

रजेवर आलेला मुलगा उपासनेनंतर थांबतो, सगळे गेल्यावर जवळ येतो, आणि बोलू की नको अशा घोटाळ्यात उभा असतो. तेव्हा ‘प्रार्थना करू या’ म्हणून त्याला लवकर वाटेला लावू नये. आधी ऐकावे. त्याने स्वतः काही केले असेल तर पश्चात्ताप व क्षमा यांचा मार्ग त्याच्यापुढे ठेवावा, आणि त्या मार्गात सत्य सांगणेही येते हे लपवू नये. त्याने पाहिले असेल तर तारीख, जागा, कोण होते, हे त्याच्या शब्दांत लिहून घेण्यास मदत करावी, चांगला वकील गाठून द्यावा, आणि त्याला एकट्याला पाठवू नये. मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ याच्या कलम १९ प्रमाणे सैन्यदलांविषयीच्या तक्रारीवर राष्ट्रीय मानवी हक्क आयोग केंद्र सरकारकडून अहवाल मागवू शकतो. हे आमच्या फार थोड्या पाळकांना ठाऊक असते. मंडळीच्या पंचांनी मुलाच्या घरच्यांकडेही लक्ष ठेवावे, कारण धमक्या बहुधा तिकडे येतात.

प्रौढ वर्गाने हा पाठ दोन रविवार घ्यावा : पहिल्या रविवारी चौदावा अध्याय, दुसऱ्या रविवारी बाविसावा. दुसऱ्या रविवारी अठरावे व एकोणिसावे वचन मोठ्याने वाचून झाल्यावर थोडा वेळ कोणी काही बोलू नये. वर्गात माजी सैनिक असतील तर मग प्रथम त्यांना बोलू द्यावे.